चौदा फुटी होडीला ईएफआय लाँगटेल घेताय? आधी वजनाचं बोलू

तुमचं पत्र लांब आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १४ फुटी सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची होडी, तळाची रुंदी ३६ इंच, बहुतेक वेळा तुम्ही दोघं भाऊ आणि मासेमारीचं सामान. पाणी गुडघाभर, कुठे त्याहूनही कमी, खाली गाळ, मध्येमध्ये बुडालेले ओंडके आणि वर पाणवनस्पतींचा जाड थर. जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायची नेहमीची मोटर, दर वेळी गाळ ओढतं, गरम होतं आणि बंद पडतं. म्हणून लाँगटेल, म्हणजे लांब शाफ्टच्या टोकाला पंखा असलेली मोटर, घ्यायचं ठरलंय आणि समोर तीन पर्याय आहेत: साडेसहा हॉर्सपॉवरचं कार्ब्युरेटरवालं, १४ हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं ईएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन असलेलं), आणि २३ हॉर्सपॉवरचं व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, ईएफआय. विकणारा म्हणतो मोठंच घ्या, परत घ्यावं लागणार नाही. धाकटा भाऊ म्हणतो चिखलपाण्यात इलेक्ट्रॉनिक्स नेऊच नये. तुम्ही विचारताय, ऐकू कुणाचं.

दादा, उत्तर आधीच देऊन टाकतो, कारणं मागून. मधलं घ्या, एक सिलिंडरचं ईएफआय, पण दोन गोष्टींची खात्री करून. बॅटरी पूर्ण मेली तरी ते दोरी ओढून सुरू होतं का, आणि त्याचा फॉल्ट कोड, म्हणजे इंजिन स्वतः देतं ती बिघाडाची खूण, वाचून दुरुस्त करणारा माणूस तुमच्या पोहोचण्यात आहे का. दोन्हीला उत्तर नाही आलं तर सरळ कार्ब्युरेटरवालं घ्या आणि निश्चिंत वापरा. आणि २३ चं इंजिन कितीही चांगलं असलं तरी या होडीला लावू नका, यात मला काडीचीही शंका नाही.

आता कारणं. लाँगटेलकडे वळलात ते बरोबरच केलंत. आउटबोर्ड थंड राहतं ते बाहेरचं पाणी आत ओढून, त्यामुळे उथळ गाळात ते पाण्याऐवजी चिखल पितं, पंपाचं पाणी ढकलणारं चाक, म्हणजे इम्पेलर, झिजतं, वाटा तुंबतात आणि इंजिन तापतं. लाँगटेलला असतं हवेने थंड होणारं साधं औद्योगिक इंजिन, पाणी आत घ्यायचा प्रश्नच नाही. इंजिनच्या क्रँकला सरळ जोडलेला पाच-सात फुटी शाफ्ट आणि त्याच्या टोकाला छोटा पंखा, बहुतेकांत मध्ये गिअरबॉक्स नाही, म्हणजे इंजिन मिनिटाला ३६०० फेरे फिरलं की पंखाही ३६००. ओंडका आला की शाफ्ट त्यावरून घसरत वर उचलला जातो, चिखल आला की पंखा चिखलातच फिरत राहतो. थायलंडमध्ये हीच रचना पिढ्यानपिढ्या चाललीय, अमेरिकेत लुइझियानातल्या गो-डेव्हिलने १९७७ पासून दलदलीसाठी ती विकायला सुरुवात केली, आणि इतक्या वर्षांत मूळ गोष्ट बदलली नाही कारण त्यात मोडण्यासारखं फारसं काही नाहीच. म्हणून लाँगटेलवर जे काही नवीन चढवाल, मग ते ईएफआय असो नाहीतर आणखी काही, त्याने हा साधेपणा किती कमी होतोय ते आधी बघायचं.

आता वजन. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात वजनाचा एकदाही उल्लेख नाही आणि विकणाऱ्यानेही तो काढलेला दिसत नाही. साडेसहा हॉर्सपॉवरच्या गटातलं होंडा जीएक्स २०० घ्या, नुसतं इंजिन साधारण १६ किलो भरतं. व्ही-ट्विन नुसतं इंजिनच ४० किलोच्या आसपास जातं, त्यात फ्रेम, शाफ्ट, हँडल, बॅटरी धरली की सगळं मिळून ७० ते ८० किलो सहज होतं. हे वजन होडीच्या अगदी टोकावर येतं, आणि टोकावरच्या वजनाचं गणित वेगळं असतं. तुमचा तळ ३६ इंच रुंद, पाण्याला टेकलेली लांबी साधारण १२ फूट धरू, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर. याचा अर्थ होडीच्या बरोबर मध्यभागी ३३ किलो ठेवले की होडी १ सेंटिमीटर बसते. पण तेच वजन एकदम टोकावर ठेवलं तर होडी बसते आणि शिवाय मागे कलतेसुद्धा, आणि चौकोनी तळाच्या होडीत ते टोक मध्यभागापेक्षा चौपट खाली जातं. म्हणजे ७५ किलोची मोटर मागची बाजू जवळजवळ ९ सेंटिमीटर बुडवणार. त्यात चालवणारा माणूसही मागेच बसतो, त्याचे आणखी काही सेंटिमीटर धरा.

गुडघाभर पाण्यात चालायचं म्हणून तुम्ही लाँगटेल घेताय आणि पहिल्याच दिवशी होडीची खोली १५-१६ सेंटिमीटरने वाढवून बसलात तर काय मिळवलं? शिवाय मागच्या फळीचा काठ पाण्याच्या तेवढाच जवळ येतो. एकदम थ्रॉटल सोडला की मागून स्वतःचीच लाट धावत येते आणि काठावरून आत शिरते. लहान होड्या अशाच बुडतात, आणि ते जिवावर बेतणारं आहे.

विकत घेण्याआधी एक काम करा, खर्च काहीच नाही. रिकाम्या गोण्यांमध्ये वाळू भरा, ज्या मोटरचा विचार आहे तेवढं वजन वजनकाट्यावर मोजून मागच्या फळीला चिकटून ठेवा, दोघं आपापल्या जागी बसा, पेट्रोलची टाकी भरून ठेवा आणि फळीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते तिसऱ्या माणसाला मोजायला सांगा. आधी मधल्या मोटरचं पूर्ण वजन विकणाऱ्याला विचारून तेवढं ठेवून बघा, मग व्ही-ट्विनचे ७५ किलो ठेवून. आकडे तुमचे तुम्हालाच सांगतील. होडीवर क्षमतेची पाटी असेल तर तिच्यावरचं एकूण वजन आणि कमाल हॉर्सपॉवर बघा आणि त्याच्या पुढे जाऊ नका, पाटी आउटबोर्डसाठी लिहिलेली असली तरी. व्ही-ट्विन लाँगटेल चांगलं चालतं ते ४८ इंच किंवा त्याहून रुंद तळाच्या, मागची फळी आतून तिरक्या पट्ट्यांनी भक्कम केलेल्या होडीवर. तुमची होडी तशी नाही, त्यात होडीचा काही दोष नाही, ती वेगळ्या कामासाठी बनलीय.

आणि ती मोटर उचलणार कोण? दर फेरीनंतर काढून घरात न्यायची असं तुम्ही लिहिलंय. हलकी मोटर दोघांना आरामात जमते. ७५ किलोचं, सात फूट लांब, एका टोकाला जड असलेलं धूड निसरड्या काठावरून दोघांनी उचलायचं म्हणजे कंबर नाहीतर बोटं, काहीतरी जाणारच.

आता ईएफआय. इंधन इंजेक्शनमध्ये कार्ब्युरेटर नसतो, पंप ठराविक दाबाने पेट्रोल इंजेक्टरपर्यंत नेतो आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक हवेचा दाब, तापमान, थ्रॉटलची स्थिती, क्रँक कुठे आहे हे सेन्सरकडून घेऊन इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. कोहलरच्या ईएफआयमध्ये हा दाब ३९ पीएसआय असतो. जाहिरातीत सगळे सांगतात ते फायदे खरे आहेत, थंडीत चोक न ओढता सुरू होतं, उंचावर गेलं तरी मिश्रण आपोआप जुळतं. पण तुमच्या कामाला येणारे फायदे दोनच.

पहिला म्हणजे कल. लाँगटेलचं हँडल खाली दाबलं की पंखा वर येतो आणि पूर्ण इंजिन त्याच्यासोबत तिरकं होतं. सहा फुटी शाफ्टचं टोक १ फूट उचललंत तर इंजिन साधारण १० अंश कलतं, २ फूट उचललंत तर २० अंशांच्या जवळ. कार्ब्युरेटरच्या खाली जी पेट्रोलची वाटी असते तिच्यातल्या फ्लोटला हे अजिबात मानवत नाही, पातळी सरकते, मिश्रण एकदम जाड नाहीतर एकदम पातळ होतं, आणि ओंडक्यावरून उतरताना इंजिन नेमकं तिथेच खोकतं जिथे तुम्हाला ताकद हवी असते. ओंडके तुमच्या पाण्यात आहेत म्हणून हे तुम्हाला दर फेरीला भोगावं लागेल. इंजेक्शनमध्ये वाटीच नाही, पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे मिश्रण कलण्याने बिघडत नाही. पण ऐका, तेल मात्र अजूनही खालच्या भागात पसरलेलंच असतं. होंडाच्या जीएक्स इंजिनांची पुस्तिका २० अंशांची मर्यादा सांगते, इतर कंपन्यांचे आकडे त्यांच्या पुस्तिकेत मिळतील. थोडा वेळ कललं तर चालतं, पण पंखा हवेत धरून इंजिन मिनिटं-मिनिटं फिरवत ठेवायचं नाही, तेल पोहोचलं नाही तर ईएफआय इंजिन वाचवणार नाही. तेल कमी दिसलं की इंजिन थांबवणाऱ्या ऑइल अलर्टमुळे इंजिन मध्येच बंद पडतं म्हणून काही जण ती वायरच तोडून टाकतात, तसलं काही करू नका, तेलाची पातळी बरोबर वरच्या खुणेपर्यंत ठेवा आणि कल कमी करा.

दुसरा फायदा म्हणजे पडून राहणं. तुम्ही लिहिलंय की कधी आठवड्यात दोनदा जाता आणि कधी दोन-दोन महिने होडी पालथी असते. कार्ब्युरेटर या पडून राहण्यानेच मरतो. वाटीतलं थोडंसं पेट्रोल हळूहळू उडतं, मागे चिकट थर राहतो, आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक अगदी बारीक, ते सहज बुजतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, ओलावा वाढला की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. ईएफआयची वाट बंद असते, म्हणून तिथे हे सगळं बरंच हळू होतं. होतच नाही असं नाही. उलट पंप आणि इंजेक्टर घाणीच्या बाबतीत जास्त नाजूक, कार्ब्युरेटर तुम्ही काठावर बसून अर्ध्या तासात उघडून साफ कराल, इंजेक्टर नाही करू शकणार. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनच्या मध्ये लावाच, नवीन मोटरला पहिल्या दिवसापासून.

पेट्रोल वाचतं का? वाचतं. कोहलर स्वतःच्याच कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाशी तुलना करून २५ टक्क्यांपर्यंतचा दावा करते, अर्धवट थ्रॉटलवर फरक जास्त जाणवतो. पण एक हिशेब बघा. हवेने थंड होणारं चार स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर दर किलोवॉट-तासाला साधारण ३३० ग्रॅम पेट्रोल जाळतं. १४ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे १०.४ किलोवॉट, तासाला साडेचार लिटरच्या आसपास. २३ हॉर्सपॉवर म्हणजे १७ किलोवॉट, तासाला साडेसात लिटर. म्हणजे मोठं ईएफआय घेऊन पेट्रोल वाचवायचं हा विचारच उलटा आहे, तुमची बचत होईल ती मुळात इंजिन लहान घेतल्याने.

आता धाकट्या भावाची भीती. ती खोटी नाही आणि त्याला हसण्यावारी नेऊ नका. कार्ब्युरेटरवाल्या छोट्या इंजिनाला बॅटरी लागतच नाही, दोरी ओढली की मॅग्नेटोने ठिणगी पडते. ईएफआयला पंप चालवायला, ईसीयू जागा ठेवायला वीज लागते. बहुतेक मोठ्या ईएफआयमध्ये ती बॅटरीतूनच येते, आणि व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की स्टार्टर कसाबसा फिरेल पण इंजेक्टर उघडणार नाही. दलदलीत मधोमध, चालत बाहेर पडता येत नाही असा गाळ, आणि बॅटरी मेलेली, ही वेळ तुमच्यावर येऊ नये एवढंच मला वाटतं. काही लहान ईएफआय इंजिनं अशी असतात की दोरीच्या एका-दोन झटक्यांतच इंजिनची स्वतःची कॉइल ईसीयू आणि पंपाला पुरेशी वीज देते, बॅटरी नसली तरी चालतात. तुम्हाला तसलंच हवंय. विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन नको, त्याच्यासमोर बॅटरीची वायर काढून ठेवा आणि म्हणा, आता सुरू करून दाखवा. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बॅटरी असेल तर ती फक्त इंजिनसाठी ठेवा. दिवे, मासे शोधायचं यंत्र, मोबाइल चार्जिंग, हे सगळं दुसऱ्या छोट्या बॅटरीवर. इंजिनची चार्जिंग कॉइल किती अँपिअर देते ते विचारा, आणि तो आकडा पूर्ण वेगाचा असतो, रेंगाळत चालताना खूपच कमी मिळते हे लक्षात ठेवा. बॅटरी जमेल तेवढी पुढच्या बाजूला ठेवा, १० किलो पुढे गेले की मागचं टोक वर येतं, वर सांगितलेलं गणित इथे तुमच्या बाजूने चालतं. फक्त केबल लांब झाली तर जाडही घ्यावी लागते, नाहीतर स्टार्टरपर्यंत पोहोचेतोवर व्होल्टेज पडतं.

ईएफआय पाण्यात बिघडतं ते ईसीयूमुळे क्वचितच, ती बहुतेक वेळा सीलबंद असते. बिघडतात ते वायरचे जोड. म्हणून मोटर बघायला गेलात की चमकणारा रंग सोडून वायरिंग बघा. जोडांना रबरी सील आहे का, तोंड खाली आहे का म्हणजे पाणी ओघळून जाईल, वायर फ्रेमवर कुठे घासतेय का, ईसीयू पंख्याने उडवलेल्या चिखलाच्या वाटेत तर नाही ना. घरी आणल्यावर प्रत्येक जोड उघडून विजेच्या जोडांसाठी मिळतं ते सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस थोडं लावा आणि परत दाबून बसवा. चिखल धुताना जोरदार फवाऱ्याचं मशीन इंजिनच्या बाजूला फिरवायचं नाही, शाफ्टच्या सीलवर तर नाहीच. सोबत सुटा फ्यूज, सुटा रिले आणि सुटा फिल्टर ठेवा. इशाऱ्याचा दिवा असतो तो ठराविक वेळा लुकलुकून कोड सांगतो, त्या कोडचं पान पुस्तिकेतून काढून प्लॅस्टिकमध्ये घालून होडीतच ठेवा, फोनमध्ये नको.

आणखी एक जागा जिथे लोक हमखास फसतात. इलेक्ट्रिक स्टार्ट म्हणजे ईएफआय नव्हे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल किंवा इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर (इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) म्हणजेसुद्धा ईएफआय नव्हे, होंडा आयजीएक्स ३९० मध्ये थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे पण पेट्रोल कार्ब्युरेटरमधूनच जातं. इंजिन वाईट नाही, पण ईएफआय म्हणून गळ्यात मारलं तर ती फसवणूक. हवा आत जाते त्या नळीवर वायरचा जोड असलेला इंजेक्टर दिसायला हवा, बाजूला दाबाचा पंप दिसायला हवा, आणि खाली पेट्रोलची वाटी लटकलेली नसावी. तसंच हॉर्सपॉवरचा आकडा ग्रॉस आहे (जोडसाहित्य न लावता मोजलेला) की नेट (जोडसाहित्यासकट मोजलेला) तेही विचारा. तेच जीएक्स २०० बघा, लोक त्याला साडेसहा म्हणतात पण होंडा स्वतः नेट ५.५ हॉर्सपॉवर लिहिते. एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट आकडा शेजारी ठेवून तुलना केलीत तर उत्तर चुकीचंच येणार.

टाकीबद्दल तुम्ही विचारलंय, जुन्या आउटबोर्डची चालेल का. कदाचित. काही ईएफआयमध्ये जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवणारी दुसरी नळी लागते, काहींत पंपाजवळच छोटा साठा असतो आणि एकच नळी पुरते. कोणती पद्धत आहे ते विचारून घ्या, परतीची नळी लागत असताना ती नसेल तर टाकीत बदल करावा लागेल. आणि टाकी कोरडी पडेपर्यंत कधी चालवू नका, पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं, कोरडा फिरला तर तो जळतो. कार्ब्युरेटरवाल्याला ठेवून देताना पेट्रोल संपेपर्यंत चालवायची सवय असते ना, ती इथे मोडायची. ईएफआय ठेवून देताना पेट्रोल टिकवणारं औषध घाला, थोडा वेळ चालवून ते इंजेक्टरपर्यंत पोहोचू द्या आणि मग बंद करा.

सरफेस ड्राइव्हबद्दल एक ओळ होती तुमच्या पत्रात. आखूड शाफ्ट, पट्ट्याने फेरे कमी करून मोठा पंखा फिरवायचा, वेगाने पळायला आणि वळायला छान, पण जड, आणि ती ताकद पेलायला रुंद होडी हवी. तुमच्यासाठी नाही.

लाँगटेलचा जो लाँगटेल भाग आहे त्याकडे मात्र इंजिनाइतकंच लक्ष द्या. मागच्या फळीची उंची आणि शाफ्टची लांबी एकमेकांना जुळायला हवी. फळी उंच आणि शाफ्ट आखूड असेल तर शाफ्ट पाण्यात जास्त तिरका शिरतो, मग पंख्याचा जोर होडीला पुढे ढकलण्यासोबत मागून वरही उचलतो आणि होडीचं नाक पाण्यात घुसतं. शाफ्ट जेवढा आडवा तेवढं बरं. फळीची उंची मोजून घेऊन जा, अंदाजाने सांगू नका. मोटर बसवल्यावर हँडल सोडलं तर पंखा स्वतःहून हळूहळू पाण्यात जायला हवा, धाडकन नाही आणि वरच लटकत राहिला असंही नाही, हा तोल इंजिन पुढे-मागे सरकवून जुळवता येतो का ते बघा.

शाफ्टच्या नळीत बेअरिंग आणि टोकाला सील असतात, त्यांच्यासाठी ग्रीसची निपल असते. दर फेरीनंतर ग्रीस गन लावून दोन-चार दाब द्या. बाहेर येणारं ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सील बदलायची वेळ आली. सगळ्या ईएफआयच्या चर्चेत हे ग्रीसचं काम मागे पडतं आणि लाँगटेल खराब होतं ते बहुतेक इथूनच.

पंखा बसवल्यावर दोघं आणि सगळं सामान घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेरे मोजा. इंजिन ३६०० पर्यंत पोहोचतच नसेल तर पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, जास्त आहे, कमी पिचचा पंखा घ्या. आणि विकणारा म्हणाला की गव्हर्नर काढून देतो, जोरात पळेल, तर हात जोडून नाही म्हणा. कनेक्टिंग रॉड तेवढ्या फेऱ्यांसाठी बनलेला नसतो, तुटला तर इंजिनची बाजू फोडून बाहेर येतो, आणि तुम्ही त्या इंजिनापासून हातभर अंतरावर बसलेले असता.

सुरक्षेचं बोलल्याशिवाय मला पत्र संपवता येणार नाही, कारण तुमच्यासोबत भाऊ असणार आहे. लाँगटेलला बहुतेक वेळा न्यूट्रल नसतो, इंजिन सुरू झालं की पंखा फिरायला लागलाच, आणि पंख्याभोवती कसलंही कुंपण नाही. शक्य असेल तर सेंट्रिफ्यूगल क्लच असलेली मोटर घ्या, म्हणजे रेंगाळत्या इंजिनावर पंखा थांबून राहतो, यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. क्लच नसेल तर पंखा पाण्यात टेकवून, आजूबाजूला कुणी नाही बघून, होडीचं नाक मोकळ्या पाण्याकडे करूनच सुरू करायचं. पंख्यात गुंतलेलं गवत काढायचं असेल तर इंजिन बंद, किल स्विचची (निघाली की इंजिन बंद करणारी) दोरी काढून खिशात, मगच हात मागे. ती दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला कायम अडकवलेली असलीच पाहिजे. वळताना एकदम थ्रॉटल दिला की हँडल जोरात एका बाजूला फेकतं, सवय नसलेला माणूस सरळ पाण्यात जातो, आणि मग बिनमाणसाची होडी फिरत्या पंख्यासकट त्याच्याभोवती गोल फिरत राहते. आवाजाचंही मनावर घ्या, ८५ डेसिबलच्या वर आठ तास म्हणजे कानाला धोका, आणि हवेने थंड होणारं इंजिन मागे हातभर अंतरावर त्याच्या सहज पुढे जातं, दोघांनीही कानावर मफ चढवा.

चाचणीला जाल तेव्हा भावालाच हँडलवर बसवा, त्याच्या मनात शंका आहेत म्हणून तो तुमच्यापेक्षा जास्त बारकाईने बघेल. आधी बॅटरी जोडून, मग काढून सुरू करायला लावा, पंखा एक फूट उचलून इंजिनचा आवाज ऐका, चांगलं तापल्यावर बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करा, कारण गरम इंजिनच्या पंपात पेट्रोलची वाफ धरत असेल तर ती तेव्हाच कळते. हे सगळं नीट झालं आणि कोड वाचणारा माणूस सापडला तर १४ चं घेऊन टाका. आणि वाळूच्या गोण्यांचे दोन्ही आकडे मला लिहून पाठवा, बॅटरी आणि टाकी कुठे ठेवायची ते त्यावरून नेमकं सांगता येईल.